शंभर टक्के, पण कशाचे?

सीएसएसमध्ये एखाद्या चौकटीला पन्नास टक्के रुंदी दिली, तर कोड वाचणाऱ्या माणसाला तिचा अर्थ विचारावा लागत नाही. ब्राउझरला मात्र एक प्रश्न सोडवल्याखेरीज पुढं सरकता येत नाही : हे पन्नास टक्के कशाचे? रुंदीच्या बाबतीत उत्तर बहुधा सोपं असतं. खिडकीची रुंदी आधीपासून ठाऊक असते. ती बाहेरच्या चौकटीतून आतल्या चौकटीत, तिच्यातून आणखी आत उतरत जाते. उंचीचा प्रवास उलट्या दिशेनं होतो. मजकूर किती ओळींत बसला यावर परिच्छेदाची उंची ठरते, परिच्छेदांवरून रकान्याची आणि रकान्यांवरून पानाची. आता आतल्या चौकटीनं आपली उंची बाहेरच्या चौकटीच्या शंभर टक्के मागितली, आणि बाहेरची चौकट आतला मजकूर पाहूनच स्वतःची उंची ठरवणार असेल, तर दोघीही एकमेकींच्या उत्तराची वाट पाहत राहतात.

सीएसएस २.१ नं या कोंडीतून एक वाट काढली. बाहेरच्या चौकटीची उंची स्पष्टपणे सांगितलेली नसेल, तर आतली टक्केवारी 'ऑटो' समजावी, म्हणजे ती लिहिलेलीच नाही असं धरावं. 'हाइट : १००%' लिहूनही पानावर काहीच का हलत नाही, हे कोडं प्रत्येक नवशिक्या डेव्हलपरला पडतं, त्याचं मूळ या एका नियमात आहे. एचटीएमएल आणि बॉडी या दोन्ही घटकांना शंभर टक्के उंची द्यावी, हा वर्षानुवर्षं एकानं दुसऱ्याला सांगितलेला तोडगाही तिथूनच आला.

स्क्रोलबार या हिशेबात शिरला की प्रश्न खरा अवघड होतो. डेस्कटॉपवरचा पारंपरिक उभा स्क्रोलबार साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा घेतो. ही जागा चौकटीच्या बॉर्डरच्या आत, पॅडिंगच्या बाहेर घ्यायची आणि आतल्या मजकुराच्या वाट्यातून वजा करायची, असा नियम आहे. 'ओव्हरफ्लो : ऑटो' असेल तर स्क्रोलबार लागणार की नाही, हे मजकूर मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मजकूर मांडायला रुंदी लागते, आणि रुंदी तर स्क्रोलबार आहे की नाही यावर अवलंबून. नुसता मजकूर असला तर निभावून जातं : पट्टी आली, रुंदी घटली, ओळी वाढल्या, उंची आणखी वाढली, म्हणजे पट्टीची गरज पक्की झाली. आत चित्र असलं की तसं होत नाही. ३०० पिक्सेल रुंद आणि २०० पिक्सेल उंच अशी एक चौकट घ्या. तिच्यात शंभर टक्के रुंदीचं चित्र ठेवा, जे ३०० रुंदीला २०५ उंच भरतं. पाच पिक्सेल बाहेर गेले म्हणून १५ पिक्सेलांची पट्टी आली. चित्राला आता २८५ रुंदी उरली आणि त्या प्रमाणात उंची झाली १९४.७५. चित्र आता मावतं, म्हणजे पट्टीची गरज संपली. पट्टी काढली की चित्र पुन्हा २०५ उंच. हे चक्र आपणहून थांबणारं नाही. ते थांबवावं लागतं, आणि कुठं थांबवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असावं लागतं. आजचे ब्राउझर सर्वसाधारणपणे मांडणी करताना एकदा आलेली पट्टी तशीच ठेवतात. चित्राखाली थोडी रिकामी जागा राहते आणि शेजारी काहीही न सरकवणारी पट्टी दिसते. बघायला हे विचित्र वाटतं, पण मांडणी स्थिर राहते.

हे पुस्तक अशा निर्णयांबद्दल आहे. ते कसे घेतले गेले, कुठं नोंदले गेले, आणि निरनिराळ्या कंपन्यांत, निरनिराळ्या भाषांत लिहिलेली इंजिनं शेवटी एकाच उत्तरावर कशी आली, याचा शोध घेताना वाट दरवेळी चाचण्यांपाशी जाऊन पोचते. स्पेसिफिकेशनमधलं वाक्य कितीही काळजीपूर्वक लिहिलं तरी त्याचे दोन अर्थ निघू शकतात. ३०० गुणिले २०० ची चौकट आणि तिच्यातलं चित्र समोर ठेवून 'आता याची रुंदी किती?' असं विचारलं, की एक आकडा सांगावाच लागतो. वेबच्या मांडणीवर आज आपण जो भरवसा ठेवतो तो अशा प्रश्नांनी उभा केला आहे, आणि चाचणी लिहिणं हे इंजिन लिहिण्याइतकंच पायाभूत काम आहे, अशी माझी पक्की धारणा आहे.

होकोन व्हियुम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात सर्नमध्ये असताना कॅस्केडिंग स्टाइल शीट्सचा पहिला प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस १ ही वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. तोवर इंटरनेट एक्सप्लोरर ३ बाजारात आला होता आणि त्यानं सीएसएसचा थोडा भाग आपल्या समजुतीप्रमाणे उचलला होता. त्या समजुतींचे परिणाम दीर्घकाळ टिकले. स्पेसिफिकेशनच्या मते 'विड्थ' म्हणजे नुसत्या मजकुराची रुंदी. इंटरनेट एक्सप्लोरर तिच्यात पॅडिंग आणि बॉर्डरही धरत असे. पिक्सेलांत लिहिलेल्या पानावर हा फरक थोडका दिसे. टक्क्यांत लिहिलेल्या पानावर रकाने एकमेकांवर आदळत किंवा शेवटचा रकाना खालच्या ओळीत पडे. गंमत अशी की 'बॉक्स-सायझिंग' या गुणधर्मानं मायक्रोसॉफ्टचा तो अर्थ पुढं सीएसएसमध्येच रीतसर आला, आणि आज बहुतेक डेव्हलपर नव्या पानाच्या पहिल्याच ओळींत तो लागू करतात. टक्केवारीत काम करणाऱ्याला तोच अर्थ सोयीचा पडतो.

या गोंधळात एक ठाम प्रश्न विचारला तो टॉड फार्नर यांनी. १९९८ मध्ये त्यांनी 'बॉक्स ॲसिड टेस्ट' नावाचं एक छोटंसं पान तयार केलं, जे पुढं ॲसिड १ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यातल्या एका घटकाची रुंदी १०.६३८ टक्के आहे. आकडा विक्षिप्त दिसतो, पण तो नेमका निवडलेला आहे : बाहेरची चौकट ४७ एम रुंद, आणि तिचे १०.६३८ टक्के म्हणजे ५ एम. ब्राउझरनं टक्के कशाचे काढायचे हे चुकीचं समजून घेतलं, किंवा पॅडिंग भलत्या जागी मोजलं, तर पानावरची सगळी रचना कोसळते. एका ओळीत असे गैरसमज पकडणारी ही चाचणी आजही नव्या माणसाला दाखवण्याजोगी आहे. फार्नर यांनीच 'अहेम' हा टंकही बनवला. त्यातली जवळजवळ सगळी अक्षरं म्हणजे भरीव चौकोन आहेत, बरोबर एक एम रुंद आणि एक एम उंच, त्यांपैकी ०.८ एम आधाररेषेच्या वर आणि ०.२ एम खाली. अक्षरांचा आकार ब्राउझरगणिक बदलतो ही अडचण त्यानं एका फटक्यात दूर केली. मांडणीच्या चाचण्या आजही अहेमवर चालतात.

त्यानंतरचा काळ दोन राज्यांचा होता. मार्च २००० मध्ये मॅकसाठी इंटरनेट एक्सप्लोरर ५ आला आणि त्यानं पानाच्या डोक्यावरचा डॉकटाइप पाहून ठरवायला सुरुवात केली, की हे पान नव्या नियमांनी मांडायचं की जुन्या सवयींनी. जुन्या सवयींच्या राज्याला क्वर्क्स मोड म्हणतात आणि ते अजून खालसा झालेलं नाही. तिथं टक्क्यांतल्या उंचीचा नियमच वेगळा आहे : बाहेरच्या चौकटीला उंची नसेल तर तिच्या बाहेरची पाहा, तिलाही नसेल तर आणखी बाहेरची, असं करत खिडकीपर्यंत जा. ज्यांना हा नियम ठाऊक नसतो ते जुनं पान नव्या डॉकटाइपखाली आणतात आणि सगळ्या उंच्या नाहीशा झालेल्या पाहून चक्रावतात. आज क्वर्क्स मोडचंही एक स्टँडर्ड आहे, आणि जुन्या विचित्र सवयी अचूकपणे पाळल्या जातात की नाही याच्याही चाचण्या आहेत. मला ही गोष्ट वेबच्या मोठेपणाची वाटते. पंचवीस वर्षांपूर्वीचं पान आजही उघडावं, यासाठी इतकी मेहनत घेणारं दुसरं तांत्रिक क्षेत्र मला माहीत नाही.

सीएसएस २ मे १९९८ मध्ये आलं. त्याची सुधारलेली २.१ ही आवृत्ती शिफारस व्हायला जून २०११ उजाडलं. या तेरा वर्षांतला बराच काळ चाचण्यांत गेला. डब्ल्यूथ्रीसीच्या प्रक्रियेत प्रत्येक गोष्ट किमान दोन स्वतंत्र इंजिनांत सारखी चालते हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला हजारो चाचण्यांचा संच लागला. त्यांतला मोठा भाग मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर ८ च्या निमित्तानं दिला, ही नोंद आवर्जून करायला हवी. एवढं करूनही त्या ग्रंथात मोकळ्या जागा राहिल्याच. बाहेरच्या चौकटीची रुंदी आतल्यावरच अवलंबून असेल तर टक्क्यांचा निकाल अनिश्चित, असं तो स्वतःच म्हणतो. टेबलाच्या ओळींची आणि खान्यांची उंची टक्क्यांत दिली तर ती कशी काढायची, हेही तो सांगत नाही.

याच काळात चाचण्या लोकांसमोर आल्या. एप्रिल २००५ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टनं ॲसिड २ प्रसिद्ध केली. इयन हिक्सन यांनी रचलेल्या या पानात सगळं नीट जमलं तर एक हसरा चेहरा दिसे. सफारीनं महिना संपायच्या आत आपल्या प्रयोगशाळेतल्या आवृत्तीत तो चेहरा दाखवला. मार्च २००८ मध्ये शंभर गुणांची ॲसिड ३ आली आणि ब्राउझर बनवणारे एकेका गुणासाठी झटू लागले. लोकांचं लक्ष वेधायला या चाचण्या फार उपयोगी पडल्या. चाचणी म्हणून मात्र मला त्या कच्च्या वाटतात. चेहरा बिघडला तर नेमकं काय बिघडलं हे कळायला अर्धा दिवस जातो, आणि गुणांसाठी केलेली दुरुस्ती त्या पानापुरतीच राहण्याचा धोका असतो. ॲसिड ३ मधल्या काही अपेक्षा पुढं स्टँडर्डमध्येच बदलल्या, त्यामुळे आजच्या ब्राउझरना तिथं पूर्ण गुण मिळत नाहीत. चांगली चाचणी एकच प्रश्न विचारते, आणि तो चुकला तर कुठं चुकला हे तिच्या नावावरून कळतं.

चाचणी कशी करावी, याबद्दल या क्षेत्रात वेगवेगळी घराणी तयार झाली. सगळ्यात जुनं घराणं डोळ्यांचं. पानावर एक भरीव हिरवा चौकोन दिसला आणि लाल रंग कुठंच दिसला नाही तर पास, अशी सूचना हजारो सीएसएस चाचण्यांच्या माथ्यावर आजही आहे. लाल रंग मागं दडवायचा आणि मांडणी बरोबर झाली तरच हिरव्यानं तो पूर्ण झाकला जाईल अशी योजना करायची. हे कौशल्य सोपं नाही. पण हजारो पानं माणसानं किती वेळा पाहावीत? सफारीचं इंजिन असलेल्या वेबकिटच्या मंडळींनी मग इंजिनाच्या पोटातली मांडणीची नोंद मजकूर म्हणून काढून ठेवायला आणि पडद्याचं चित्र जुन्या चित्राशी ताडून पाहायला सुरुवात केली. त्यात काल काय होतं ते कळतं, पण काल जे होतं ते बरोबर होतं का, हे कळत नाही. शिवाय एका इंजिनाची नोंद दुसऱ्याला निरुपयोगी. मोझिलात रुजलेल्या रेफटेस्टनं ही अडचण सोडवली. तोच देखावा दोन वेगळ्या मार्गांनी काढायचा : एकदा जो नियम तपासायचा आहे तो वापरून, एकदा तो अजिबात न वापरता, साध्या पिक्सेलांनी. दोन्ही चित्रं तंतोतंत जुळली तर पास. कुठलं इंजिन, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, यानं फरक पडत नाही, कारण दोन्ही पानं त्याच यंत्रावर मांडली जातात. चौथं घराणं मोजणाऱ्यांचं. तिथं जावास्क्रिप्टनं चौकटीची रुंदी आणि उंची विचारायची आणि घटकावरच लिहून ठेवलेल्या अपेक्षित आकड्याशी ताडायची.

टक्केवारीसाठी मी मोजणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आकड्याच्या प्रश्नाला आकड्यातच उत्तर मिळावं. स्क्रोलबारसाठी मात्र एकही घराणं एकटं पुरत नाही. पट्टीची रुंदी यंत्रागणिक बदलते, काही यंत्रांवर ती शून्य असते, त्यामुळे '२८५' असा आकडा चाचणीत लिहून ठेवता येत नाही. आधी एक मोकळी चौकट बनवून तिच्या बाहेरच्या आणि आतल्या रुंदीतला फरक काढावा लागतो आणि मग सगळे अपेक्षित आकडे त्या फरकातून काढावे लागतात. हे न केलेली चाचणी तुमच्या यंत्रावर पास होते आणि शेजाऱ्याच्या यंत्रावर नापास. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पट्टी शून्य रुंदीची असल्यामुळे चाचणी पास होते. प्रश्न विचारलाच जात नाही, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अपूर्णांकांचंही असंच आहे. जानेवारी २००८ मध्ये जॉन रेसिग यांनी एक साधा प्रयोग मांडला : ५० पिक्सेलांच्या चौकटीत प्रत्येकी २५ टक्क्यांच्या चार चौकटी. प्रत्येकीच्या वाट्याला साडेबारा पिक्सेल. कुणी ते १२ केले, मग शेवटी दोन पिक्सेलांची फट राहिली. कुणी १३ केले, मग चौथी चौकट खाली घसरली. कुणी काही १२ आणि काही १३ करून बेरीज सांभाळली. आज क्रोमचं ब्लिंक आणि सफारीचं वेबकिट एका पिक्सेलचे ६४ भाग करून हिशेब ठेवतात, फायरफॉक्सचं गेको ६० भाग करतं. तिसरा हिस्सा काढला तर साठात तो बरोबर वीस येतो, चौसष्टात बाकी उरते. चाचणी लिहिणाऱ्यानं ही बाकी लक्षात ठेवली पाहिजे. नाहीतर जिथं दोन्ही इंजिनं आपापल्या जागी बरोबर आहेत तिथं तो एकाला दोषी ठरवेल.

टक्केवारीला प्रतिष्ठा मिळाली ती मोबाइलमुळे. त्याआधी ठरावीक रुंदीची पानं आणि प्रवाही पानं असे दोन पंथ होते आणि पहिल्याची सरशी होती. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला, आणि पिक्सेलांतली हवी ती रुंदी भागिले बाहेरच्या चौकटीची रुंदी हे सूत्र घरोघर पोचलं. उभ्या दिशेचं पॅडिंगसुद्धा रुंदीच्याच टक्क्यांत मोजायचं, या सीएसएसच्या जुन्या आणि अनेकांना न पटणाऱ्या नियमाचा तेव्हा मोठा उपयोग झाला. ५६.२५ टक्के पॅडिंग दिलं की सोळास नऊ प्रमाणाची चौकट मिळे, आणि व्हिडिओ कुठल्याही रुंदीला नीट बसत. २०२१ मध्ये 'ॲस्पेक्ट-रेशो' ब्राउझरांत आलं आणि ती युक्ती निवृत्त झाली. पण ती वापरणारी असंख्य पानं अजून जिवंत आहेत, म्हणून तिच्या चाचण्याही जिवंत ठेवाव्या लागतात.

स्क्रोलबारच्या इतिहासातलं वळण जुलै २०११ चं. मॅक ओएस एक्स लायनमध्ये ॲपलनं आयफोनसारखी तरंगती पट्टी आणली : सरकवताना दिसणारी, जागा न घेणारी. त्यातून एक नवा भेद जन्मला, ज्याची किंमत वापरणारे आजही मोजतात. 'व्हीडब्ल्यू' हे एकक खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग. पण ते काढताना स्क्रोलबार नाहीच असं धरलं जातं. त्यामुळे १०० व्हीडब्ल्यू रुंदीची चौकट मॅकवर अचूक बसते, आणि विंडोजवर उभी पट्टी आली की तेवढीच उजवीकडे बाहेर डोकावते व तळाशी एक आडवी पट्टी उगवते. शंभर टक्के आणि शंभर व्हीडब्ल्यू यांतला फरक म्हणजे बरोबर एक स्क्रोलबार. ज्या कचेरीत सगळ्या डिझायनरांकडे मॅक आहे, तिथं हा दोष कुणाला दिसतच नाही. तो दिसतो साध्या विंडोज यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला. फोनवर हाच प्रश्न उभ्या दिशेनं आला. पत्त्याची पट्टी आत-बाहेर होते, तेव्हा १०० व्हीएच, म्हणजे खिडकीची पूर्ण उंची, नेमकी कशाची? त्याला उत्तर म्हणून लहान, मोठी आणि बदलती अशी तीन नवी एककं २०२२ मध्ये ब्राउझरांत आली.

पट्टी येते-जाते तेव्हा पान बाजूला उडी मारतं, हा त्रासही जुना आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या उभी पट्टी कायम दाखवत, म्हणून तिथं तो नव्हता. इतर ब्राउझरांसाठी लोक मुद्दाम कायमची पट्टी मागून घेत. आता 'स्क्रोलबार-गटर' या गुणधर्मानं पट्टीची जागा आधीच राखून ठेवता येते. क्रोममध्ये तो २०२१ मध्ये आला, फायरफॉक्समध्ये २०२२ मध्ये, आणि सफारीत २०२४ च्या अखेरीस. वर चित्राचं जे चक्र सांगितलं ते राखीव जागेमुळे उद्भवतच नाही, कारण रुंदी आधीच ठरलेली असते.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा प्रश्न टेबलांचा आहे, आणि या पुस्तकातही त्याला ऐसपैस जागा दिली आहे. २०० पिक्सेल उंचीचा खाना, त्यात शंभर टक्के उंचीची, स्क्रोल होणारी चौकट, आणि तिच्या पोटात हजार पिक्सेल मजकूर. टेबलाचा खाना मजकुरासाठी वाढतो, हा त्याचा स्वभाव. म्हणून इंजिन पहिल्या फेरीत आतल्या चौकटीची टक्केवारी बाजूला ठेवून तिची नैसर्गिक उंची विचारतं. उत्तर हजार येतं, खाना हजार पिक्सेलांचा होतो आणि दुसऱ्या फेरीत शंभर टक्के म्हणजेही हजार. स्क्रोल करायला काही उरतच नाही. लेखकाचा हेतू पार हरवतो. म्हणून अशा चौकटीची पहिल्या फेरीतली उंची शून्य धरण्याची रीत इंजिनांत आली : खाना २०० चाच राहतो, आणि दुसऱ्या फेरीत चौकट २०० ची होऊन आत स्क्रोल होते. पण खान्यालाही उंची दिलेली नसेल तर? तिथंही शून्य धरलं तर मजकूर अदृश्य होईल. मग अट घालावी लागते, की उंचीला बंधन असेल तरच शून्य धरा. बंधन खान्यावर हवं, ओळीवर चालेल, की पूर्ण टेबलावर? पट्टी 'ऑटो'नं आली की 'स्क्रोल'नं, यानं फरक पडावा का? चौकटीऐवजी चित्र असेल तर? प्रत्येक 'तर'ला एक चाचणी आहे. त्यांपैकी काहींच्या फाइलींच्या नावात 'टेंटेटिव्ह' असा शब्द असतो, म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये हे अजून पक्कं नाही, पण इंजिनं असं वागतात. कायदा लिहिला जाण्याआधी रूढी कशी नोंदली जाते, ते पाहायचं तर ही जागा उत्तम.

आज हे सगळं वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या सामाईक भांडारात आहे. सीएसएसच्या चाचण्यांचं वेगळं भांडार २०१७ मध्ये त्यात मिसळलं. क्रोम आणि फायरफॉक्सचे अभियंते आपल्या कोडबरोबर लिहिलेली चाचणी तिथं पाठवतात आणि ती इतरांच्या इंजिनांवर आपोआप चालते. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इगालिया आणि बोकूप यांनी 'इंटरॉप' नावानं दर वर्षी काही विषय निवडून त्यांतले फरक मिटवायला घेतले. २०२४ च्या यादीत स्क्रोलबारही होता. ज्या गोष्टीला दोन दशकं प्रत्येकानं आपापली ऑपरेटिंग सिस्टिम दाखवून टाळलं, तिच्यावर सगळ्यांनी एकत्र बसावं, याचं मला मनापासून समाधान आहे.

इंजिनांच्या आतही मोठे बदल झाले. २०१९ मध्ये क्रोममध्ये लेआउटएनजी ही नव्यानं लिहिलेली मांडणीव्यवस्था आली आणि २०२१ मध्ये टेबलंही तिच्याखाली गेली. टक्केवारी आणि स्क्रोलबार दोन्ही इंजिनाला तीच चौकट दोनदा मांडायला लावतात. एकात एक दहा चौकटी असल्या तर हे दुप्पट होत होत हजारावर जातं. ते टाळायला आधीचा निकाल जपून ठेवावा लागतो, आणि जपलेला निकाल चुकीच्या वेळी वापरला तर मांडणी पूर्वीच्या स्थितीवर अवलंबून राहू लागते. खिडकी लहान करून पुन्हा मोठी केली आणि पान आधीसारखं झालं नाही, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. म्हणून नुसतं पान उघडून मोजणारी चाचणी अर्धीच असते. आकार बदला, मजकूर घाला, काढा, परत आणा, आणि मगच मोजा.

या कामाची गरज आज वाढली आहे, याचं कारण इंजिनांची संख्या. मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं इंजिन सोडून २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज आणला आणि मोठी इंजिनं तीनच उरली. एकच इंजिन शिल्लक राहिलं तर त्याचा प्रत्येक बग हाच नियम होईल. सर्वो आणि लेडीबर्डसारखे प्रकल्प नव्यानं इंजिन उभारू शकतात ते या सामाईक चाचण्यांच्या आधारावर. तीस वर्षांचे निर्णय त्यांना तिथं तपासता येतील अशा रूपात मिळतात.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध नोकरीपुरता नाही. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'विद्यापीठांमधल्यासुद्धा' हा एकच शब्द आहे आणि ब्राउझर तो आपणहून मध्ये तोडत नाही. फ्लेक्स मांडणीत घटक सहसा आपल्या सर्वात लांब शब्दाहून अरुंद होत नाही, म्हणून इंग्रजीत नीट बसलेला तेहतीस टक्क्यांचा रकाना मराठीत फुगतो आणि फोनवर आडवा स्क्रोलबार आणतो. 'ओव्हरफ्लो-रॅप'च्या 'ब्रेक-वर्ड' आणि 'एनीव्हेअर' या दोन किमती इथं वेगळ्या वागतात : दुसरी ही किमान रुंदी कमी करते, पहिली करत नाही. उंचीचाही प्रश्न आहे. ओळीची उंची वेगळी दिलेली नसेल तर ती टंकावरून ठरते, आणि विंडोजवरची निर्मला, ॲपलच्या यंत्रांवरची कोहिनूर देवनागरी आणि अँड्रॉइडवरची नोटो सान्स देवनागरी यांची मापं सारखी नाहीत. तोच मजकूर, तीच चौकट, पण एका यंत्रावर पट्टी येते आणि दुसऱ्यावर येत नाही. अहेमच्या चौकोनांना मात्रा नाहीत, रफार नाहीत, जोडाक्षरं नाहीत. त्या चाचण्या गणित तपासतात आणि ते आवश्यकच आहे. पण आपल्या लिपीत ते गणित कुठं ताणलं जातं हे तपासणाऱ्या चाचण्या आपणच लिहायला हव्यात. मराठी वृत्तपत्रांची आणि शासनाची संकेतस्थळं रोज वाचणाऱ्या कुणालाही त्यासाठी उदाहरणं शोधत फिरावं लागणार नाही.

हे पुस्तक सीएसएस शिकवण्यासाठी लिहिलेलं नाही. ज्यांना साधं पान बांधता येतं आणि ते असंच का दिसतं असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी ते आहे : पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत टेस्टिंग करणाऱ्यांसाठी, ज्यांना यादीत दिलेल्या पायऱ्या चालवण्यापलीकडे जायचं आहे त्यांच्यासाठी, आणि अभियांत्रिकीच्या त्या विद्यार्थ्यांसाठी ज्यांना ओपन सोर्सच्या कामात पहिलं पाऊल कुठं टाकावं ते कळत नाही. मांडणीची कोडी सुटी करून त्यांतला एक प्रश्न वेगळा कसा काढावा, अपेक्षित उत्तर स्पेसिफिकेशनमधून कसं मिळवावं, ते तिथं नसेल तर इंजिनांच्या वागण्यातून कसं वाचावं, आणि रेफटेस्ट घ्यावी की मोजमाप, हे कसं ठरवावं, याचा सराव इथं आहे. मुद्रणासाठीची पानं आणि उभ्या लिपींची मांडणी यांना मी हात लावलेला नाही; त्यांतली टक्केवारी स्वतंत्र अभ्यास मागते. ग्रिडमधल्या टक्क्यांतल्या ओळी थोडक्यात आल्या आहेत, कारण तिथले बरेचसे मतभेद मिटले आहेत.

वाचताना तीन इंजिनांचे ब्राउझर जवळ असावेत. सफारी नसेल तर लिनक्सवर वेबकिटवर चालणारा एखादा ब्राउझर चालेल. मॅक वापरणाऱ्यांनी सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रोलबार कायम दिसेल अशी निवड करून ठेवावी, नाहीतर निम्म्या चाचण्यांत काही घडताना दिसणारच नाही. टेबलांच्या भागातल्या काही चाचण्यांची उत्तरं मी मुद्दाम दिलेली नाहीत. त्या चालवून पाहाव्यात, आकडे लिहून घ्यावेत, आणि दोन इंजिनांचे आकडे जुळले नाहीत तर ती चाचणी नेटकी करून वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्सच्या भांडारात पाठवावी. ती कशी पाठवायची, याच्या पायऱ्या परिशिष्टात आहेत.